कोनशिला पुष्कळ झाल्या, आता पेंढ्याकडे पाहा!

पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. मूळ मुदत २०३० ची होती. राष्ट्रीय पातळीवरचे एखादे उद्दिष्ट मुदतीच्या पाच वर्षे आधी पूर्ण होणे ही आपल्याकडे तशी दुर्मीळ घटना, तेव्हा तिचा आनंद साजरा झाला यात वावगे काही नाही. खनिज तेलाच्या गरजेपैकी सुमारे ८८ टक्के तेल ज्या देशाला परक्यांच्या दारातून आणावे लागते, त्या देशाला घरी तयार झालेल्या इंधनाचा थेंबन्‌थेंब मोलाचा आहे. परंतु या जयघोषात एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला. हे इथेनॉल आले कशातून?

ते आले उसाच्या रसातून, मळीतून, मक्यातून आणि भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामांतल्या तांदळातून. म्हणजे अन्नातून, आणि ते अन्न पिकविणाऱ्या पाण्यातून. २०२३ मध्ये पाऊस रुसला, उसाचे पीक घटण्याची चिन्हे दिसू लागली आणि डिसेंबरात केंद्र सरकारला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घालावे लागले. कर्ज काढून आसवन्या उभारलेल्या साखर कारखान्यांचे धाबे दणाणले. मग भार मक्यावर गेला आणि वर्षानुवर्षे मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये मक्याचा आयातदार झाला. तेलाची आयात कमी करण्यासाठी मक्याची आयात करायची, हे कोणत्या प्रकारचे स्वावलंबन? पुढे २०२४-२५ च्या इथेनॉल वर्षासाठी ५२ लाख टन तांदूळ आसवन्यांना देऊ करण्यात आला, तोही क्विंटलला २२५० रुपये दराने, म्हणजे महामंडळाला स्वतःला पडणाऱ्या खर्चापेक्षा कितीतरी स्वस्तात. आणि ज्या प्रांतांतून हा तांदूळ गोदामात येतो, त्याच प्रांतांत ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेंढ्याच्या आगी लागतात. दाणा इंजिनात जाळायचा आणि पेंढा शेतात जाळायचा, असा हा व्यवहार आहे!

प्रस्तुत लेखकाचे म्हणणे थोडक्यात असे की, देशाचे खरे इंधन या पेंढ्यात, पाचटात, पऱ्हाट्यांत आणि चिपाडांत दडलेले आहे. ते मोकळे करण्याची जी पहिली पायरी, जिला शास्त्रज्ञ ‘पूर्वप्रक्रिया’ म्हणतात, तिच्यावर आपण प्रभुत्व मिळविलेले नाही. आणि ते मिळविण्याआधीच मोठमोठ्या कारखान्यांच्या कोनशिला बसविण्याचा आपल्याला छंद जडला आहे.

आधी या संपत्तीचा आकार पाहू. शासनाच्याच अभ्यासानुसार जनावरांचा चारा, सरपण, छपरे इत्यादी सर्व उपयोग वजा जाता देशात दरवर्षी सुमारे २३ कोटी टन शेतीअवशेष शिल्लक राहतात. एकट्या पंजाबात भाताचा पेंढा दोन कोटी टनांच्या घरात निघतो. तो जाळणाऱ्या शेतकऱ्याला दिल्लीतील वातानुकूलित दालनांत बसलेली मंडळी दर हिवाळ्यात गुन्हेगार ठरवितात. भूजल वाचावे म्हणून २००९ साली झालेल्या कायद्याने भाताची लावणी पुढे ढकलली गेली. त्यामुळे कापणी आणि गव्हाची पेरणी यांच्यामध्ये जेमतेम दोन-तीन आठवडे उरतात. कंबाइन यंत्राने कापणी केल्यावर रानात उभे राहिलेले खुंट आणि पसरलेला पेंढा एवढ्या अवधीत त्या शेतकऱ्याने कोठे न्यावा, याचे उत्तर त्याला दंड ठोठावणाऱ्यांपाशी नाही. घेणारा कोणी नसला की सोन्याचाही कचरा होतो.

घेणारा का नाही, हे समजून घ्यायचे तर पेंढ्याच्या आत डोकवावे लागेल. पेंढ्यात साखर असते, हे ऐकून काही वाचकांना नवल वाटेल. त्याच्या वजनाचा साठ टक्के किंवा त्याच्या आसपासचा भाग सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज या दोन पदार्थांचा असतो, आणि हे दोन्ही पदार्थ म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या होत. या साखळ्या तोडून साखर सुटी केली की पुढचे आंबविण्याचे काम यीस्ट करते. अडचण अशी की निसर्गाने ही साखर कोणी सहज खाऊ नये अशीच बांधली आहे. सेल्युलोजच्या साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून स्फटिकासारख्या बसलेल्या, त्यांच्याभोवती हेमिसेल्युलोजचे वेष्टन, आणि या सगळ्यावर लिग्निन नावाच्या चिवट द्रव्याचा लेप. इमारतीची उपमा द्यायची तर सळया सेल्युलोजच्या आणि काँक्रीट लिग्निनचे. साखळ्या तोडणारी जी विकरे, म्हणजे एन्झाइम, ती या भिंतीवर नुसती ओतली तर आठवडाभर ठेवूनही फारसे काही हाती लागत नाही. ती भिंत आधी खिळखिळी करावी लागते. पूर्वप्रक्रिया म्हणतात ती हीच.

ही कल्पना आपल्या गोपालकांना अपरिचित आहे असे मात्र कोणी समजू नये. निकृष्ट चाऱ्यावर युरिया-प्रक्रिया करण्याची पद्धत पशुसंवर्धन खात्याने कित्येक गावांत शिकविली आहे. शंभर किलो पेंढ्यावर चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा, थर दाबून रचायचे, वर प्लॅस्टिकचा कागद घालून सुमारे तीन आठवडे हवाबंद ठेवायचे. युरियातून अमोनिया सुटतो, पेंढ्याच्या तंतूंत शिरतो आणि लिग्निनची पकड सैल करतो. मग तोच पेंढा गाय आवडीने खाते आणि तिला तो अधिक पचतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत चाऱ्याचा दुष्काळ पडला, तेव्हा अर्न्स्ट बेकमन या रसायनशास्त्रज्ञाने हेच काम कॉस्टिक सोड्याने केले होते. आणि एकविसाव्या शतकात अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीने आयोवा राज्यात मक्याच्या ताटांपासून इथेनॉल करण्याचा जो अवाढव्य कारखाना उभारला, त्यातली पूर्वप्रक्रियाही सौम्य अमोनियाचीच होती. आपल्या गोठ्यामागच्या ढिगात आणि त्या कारखान्यात रसायन एकच. फरक आहे तो वेगाचा, तापमानाचा आणि आकाराचा, आणि सगळे दुखणे त्या फरकातच आहे.

दुसरी पद्धत आम्लाची. एखादा टक्का तीव्रतेचे गंधकाम्ल, दीडशे ते एकशेनव्वद अंश तापमान आणि काही मिनिटांचा अवधी. यात हेमिसेल्युलोज विरघळून बाहेर पडते व सेल्युलोज उघडे होते. तिसरी पद्धत वाफेच्या स्फोटाची: बंद भांड्यात पेंढा उच्च दाबाच्या वाफेत भिजवायचा आणि दाब एकाएकी सोडून द्यायचा, म्हणजे तंतू आतून फुटतात. प्रत्येक पद्धतीची आपली किंमत आहे. आम्ल पोलाद खाते, त्यामुळे महागड्या मिश्रधातूंची भांडी लागतात. नंतर ते चुन्याने शमवावे लागते आणि जिप्समचे ढीग साचतात. तापमान थोडे अधिक झाले की सुटी झालेली साखरच करपते, तिच्यातून फर्फ्युरालसारखी द्रव्ये तयार होतात आणि तीच पुढे यीस्टला मारक ठरतात. तापमान थोडे कमी पडले की भिंत पुरती ढासळत नाही आणि महागडी विकरे दुप्पट लागतात. स्वयंपाकघरात पाकाचा तार जमणे आणि पाक करपणे यांत जेवढे अंतर असते, तेवढीच फट येथे आहे. मात्र येथे परातभर पाक नसून ताशी कित्येक टन पेंढा असतो.

आता या विषयावरील ‘जाणकारां’चा पहिला आक्षेप येतो. ते म्हणतात, पाश्चात्त्यांनी हे सारे करून पाहिले, त्यात हात पोळले, आता आपण त्या वाटेला का जावे? आक्षेपातील पूर्वार्ध शंभर टक्के खरा आहे. अमेरिकेने २००७ साली कायदाच केला की २०२२ पर्यंत सेल्युलोजपासूनचे इंधन वर्षाला १६०० कोटी गॅलन तयार झाले पाहिजे. पहिल्याच, म्हणजे २०१० सालच्या १० कोटी गॅलनच्या लक्ष्याला कात्री लावून ते ६५ लाखांवर आणावे लागले आणि पुढेही दरवर्षी तेच घडत राहिले. कॅन्सस राज्यातील ह्युगोटन येथे अबेंगोआ या स्पॅनिश कंपनीने अमेरिकी सरकारच्या १३ कोटी डॉलरहून अधिक रकमेच्या कर्जहमीवर उभारलेला कारखाना २०१४ मध्ये सुरू झाला आणि पुढच्या वर्षाअखेरीस बंद पडला. ड्यूपाँटचा वर उल्लेखिलेला कारखाना २०१५ मध्ये उघडला आणि २०१७ मध्ये कंपनीने त्यातून अंग काढून घेतले. आयोवातच पोएट आणि डीएसएम या कंपन्यांच्या कारखान्याच्या उद्घाटनाला २०१४ मध्ये नेदरलँड्सचे राजे जातीने हजर होते. २०१९ च्या अखेरीस तेथील उत्पादन थांबले. इटलीत क्रेशेंतिनो येथे २०१३ मध्ये सुरू झालेला कारखाना २०१७ मध्ये बंद पडून नंतर दुसऱ्या कंपनीच्या हाती गेला. रुमानियात पोदारी येथे गव्हाच्या काडावर चालणारा क्लॅरियंट कंपनीचा कारखाना २०२२ मध्ये उत्पादनात आला. डिसेंबर २०२३ मध्ये तो बंद करण्याची घोषणा झाली.

ही स्मशानयात्रा वाचून दाखविणारे मात्र पुढचा प्रश्न विचारीत नाहीत. हे कारखाने मेले कशाने? तेलाचे भाव २०१४ नंतर कोसळले हे एक कारण, धोरणांची धरसोड हे दुसरे. पण कित्येक ठिकाणी खरा घाव पडला तो कारखान्याच्या दारातच, पेंढा आत ढकलणाऱ्या आणि त्यावर पहिला संस्कार करणाऱ्या यंत्रांत. पोएट-डीएसएमने पूर्वप्रक्रियेची यंत्रणा पुरविणाऱ्या कंपनीला २०१७ मध्ये न्यायालयात खेचले आणि अखेर आपली स्वतःची यंत्रणा घडविली. ब्राझीलमध्ये ग्रानबिओ कंपनीचा आलागोआस येथील कारखानाही याच टप्प्यावर अडला. प्रयोगशाळेत पेंढा चाळून, धुऊन, दळून येतो. शेतातून येणाऱ्या गाठीत माती असते, वाळू असते, कधी तार आणि दगडही असतात. पावसात भिजलेल्या गाठीचे आणि उन्हात वाळलेल्या गाठीचे वर्तन वेगळे. उच्च दाबाच्या भांड्यात पेंढा सतत ढकलणारे मळसूत्र कधी तुंबते, कधी झिजते, आणि ते थांबले की पुढचा शेकडो कोटींचा पसारा हात जोडून उभा राहतो. वास्तविक ही गोष्ट नवी नव्हती. द्रव पदार्थांवर चालणाऱ्या कारखान्यांच्या तुलनेत घन पदार्थांवर चालणारे कारखाने आखलेली क्षमता गाठण्यात फार मागे पडतात, असा निष्कर्ष अमेरिकेच्या रँड या संस्थेतील एडवर्ड मेरो यांनी १९८५ मध्येच मांडला होता. तीस वर्षांनी त्याच देशातील भल्याभल्या कंपन्यांनी तो खरा करून दाखविला. तेल शुद्ध करण्याची सवय असलेल्या मंडळींना पेंढा हा तेलासारखा नळातून वाहील असे वाटले, आणि पेंढा काही वाहिला नाही.

तेव्हा पाश्चात्त्यांच्या अपयशातून ‘हे अशक्य आहे’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे आळसाला तत्त्वज्ञानाचे वस्त्र नेसविणे होय. ब्राझीलच्या राइझेन कंपनीने उसाच्या चिपाडावरील पहिला कारखाना २०१४ च्या सुमारास सुरू केला, त्याच्या अडचणी वर्षानुवर्षे एकेक करून सोडविल्या आणि २०२४ मध्ये दुसरा, मोठा कारखाना उघडला. चिपाड हा तसा सरळ स्वभावाचा माल आहे. ते आधीच चरकातून पिळून निघालेले असते, बरेचसे धुतलेले असते आणि कारखान्याच्या आवारातच पडलेले असते. तरी त्यालाही दशक लागले. भाताच्या पेंढ्याला किती लागेल, याचा विचार कोनशिलेवरची तारीख कोरताना कोणी करतो काय?

दुसरा वर्ग आहे तो ‘तंत्रज्ञान बाहेरून आणा आणि मोकळे व्हा’ म्हणणाऱ्यांचा. या मंडळींना एवढेच विचारावे की, विकत घ्यायचे ते तंत्रज्ञान कोणाच्या पेंढ्यावर तयार झालेले आहे? आयोवातील मक्याच्या ताटात राखेचे प्रमाण चार-सहा टक्क्यांच्या आसपास असते. आपल्या भाताच्या पेंढ्यात ते बहुधा बारा ते अठरा टक्के असते आणि त्यातला मोठा भाग सिलिकाचा, म्हणजे एका अर्थी वाळूचाच. ही सिलिका यंत्राचे दात कानशीप्रमाणे घासून काढते आणि अल्कलीच्या प्रक्रियेत विरघळून पुढे नळ्यांत थर धरते. भाताच्या पेंढ्याशी झुंज देण्याची गरज अमेरिकेला नाही, युरोपला तर नाहीच. ती आपल्याला आहे, चीनला आहे, आग्नेय आशियाला आहे. ज्यांना दुखणे नाही त्यांच्याकडे औषध कोठून असणार?

आसामात नुमालीगड येथे बांबूपासून इथेनॉल करणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. वर्षाला सुमारे पाच लाख टन हिरवा बांबू घेणारा हा प्रकल्प ईशान्य भारतातील शेतकऱ्यांना फार मोठा आधार ठरू शकतो. २०१७ मध्ये वन कायद्यात दुरुस्ती करून वनाबाहेरच्या बांबूला ‘झाड’ या व्याख्येतून मुक्त केले गेले नसते तर हे घडलेच नसते, हेही येथे नमूद केले पाहिजे. पण त्याची पूर्वप्रक्रिया, जिच्यात फॉर्मिक आम्लाने बांबूचे घटक सुटे केले जातात, ती फिनलंडची आहे. आज ती आणली यात पाप नाही. उद्या यंत्राचा एखादा सुटा भाग बदलायचा झाला किंवा बांबूऐवजी भाताचा पेंढा टाकून पाहायचा झाला, तर हेलसिंकीला विचारावे लागणार की गुवाहाटीच्या आयआयटीत उत्तर मिळणार, हा खरा मुद्दा आहे. विकरांची स्थितीही तशीच. सेल्युलोज तोडणाऱ्या विकरांच्या जागतिक बाजारात डेन्मार्कच्या नोव्होझाइम्सचे, जिचे २०२४ पासून नोव्होनेसिस असे नाव झाले, वर्चस्व आहे. या धंद्याचा मूळपुरुष म्हणजे दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू आणि कपडे खाऊन टाकणारी एक बुरशी! शत्रू म्हणून पकडलेल्या त्या बुरशीला अमेरिकी शास्त्रज्ञांनी नोकरीला लावले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही असे काम ऐंशीच्या दशकात चालू होते. सेल्युलोज पचविणाऱ्या बुरशींवर तेथील शास्त्रज्ञांनी दर्जेदार संशोधन केले. त्याचा कारखाना मात्र झाला नाही. का झाला नाही, याचे उत्तर शास्त्रज्ञांपेक्षा त्या काळच्या नियोजनकर्त्यांनी द्यायचे आहे.

आपल्याकडे कर्तृत्व नाही, असे तर मुळीच नाही. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, जुन्या पिढीच्या भाषेत यूडीसीटीत, केंद्रीय जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने ऊर्जा-जैवविज्ञान केंद्र उभे राहिले. प्रा. अरविंद लाली यांच्या नेतृत्वाखाली तेथे विकसित झालेल्या पद्धतीवर उत्तराखंडातील काशीपूर येथे २०१६ मध्ये रोज दहा टन अवशेष घेणारा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाला. अवशेष आत गेल्यापासून चोवीस तासांच्या आत मद्यार्क बाहेर येतो, असा त्याचा दावा होता. इतरत्र याला तीन ते पाच दिवस लागत. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने दौंड तालुक्यात प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला, त्याचे उद्घाटन २०१७ मध्ये श्री. नितीन गडकरी यांच्या हस्ते झाले. त्याच तंत्रावर इंडियन ऑइलचा पानिपत येथील कारखाना उभा राहिला आणि १० ऑगस्ट २०२२ रोजी, जागतिक जैवइंधन दिनी, पंतप्रधानांनी तो राष्ट्राला अर्पण केला. खर्च नऊशे कोटींहून अधिक. वर्षाला दोन लाख टन पेंढा आणि तीन कोटी लिटर इथेनॉल ही त्याची आखलेली क्षमता. भाताच्या पेंढ्यासारख्या हट्टी मालावर एवढ्या मोठ्या प्रमाणात स्वदेशी तंत्राने हात घालणे हे धाडस आहे आणि त्याला मनःपूर्वक दाद दिली पाहिजे.

दाद दिल्यावर हिशेबही करू. दोन लाख टनांतून तीन कोटी लिटर म्हणजे टनाला दीडशे लिटर. पेंढ्यातील सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज यांची सगळी साखर सुटली आणि सगळी आंबली असे गृहीत धरले, तर कोरड्या पेंढ्याच्या टनामागे चारशे लिटरच्या आसपास मद्यार्क निघायला हवा. शंभर टक्के कोणालाच मिळत नाही, हे मान्य. शेतातल्या पेंढ्यात ओलावा आणि माती असते, हेही मान्य. तरीही कागदावर आखतानाच अर्ध्याहून कमी उतारा धरावा लागतो, याचा अर्थ उरलेली साखर भिंतीतच अडकून राहते, करपते, किंवा साधे यीस्ट जिला हात लावीत नाही अशा झायलोजच्या रूपात वाहून जाते. या तिन्ही गळत्यांचे मूळ पहिल्या पायरीशी आहे. टनाला दीडशेचे अडीचशे लिटर करून दाखविणारा अभियंता हा एखादे नवे तेलक्षेत्र शोधणाऱ्या भूशास्त्रज्ञाइतकाच देशाच्या उपयोगाचा आहे. त्याच्यासाठी आपण किती पैसा ठेवला?

येथे आकडेच बोलतात. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात अशा कारखान्यांच्या तुटीची भरपाई म्हणून सहा वर्षांत ५००० कोटी रुपयांचा उल्लेख होता. प्रत्यक्षात फेब्रुवारी २०१९ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेली ‘प्रधानमंत्री जी-वन योजना’ १९६९.५० कोटींची निघाली. त्यातही बारा व्यापारी कारखान्यांसाठी १८०० कोटी आणि दहा प्रात्यक्षिक प्रकल्पांसाठी अवघे १५० कोटी. म्हणजे शिकण्यासाठी एक रुपया आणि बांधण्यासाठी बारा! ज्या विद्येत जग ठेचकाळले, तिच्यात आधी बारा मोठे कारखाने आणि मग जमलेच तर दहा छोटी प्रात्यक्षिके, हा क्रम कोणी ठरविला? पंजाबात भटिंडा जिल्ह्यातील प्रकल्पाची पायाभरणी डिसेंबर २०१६ मध्ये झाली होती. त्यानंतर तेथे पेंढ्याचे किती हंगाम धुरात गेले ते मोजावे. ऑगस्ट २०२४ मध्ये जी-वन योजनेची मुदत २०२८-२९ पर्यंत वाढविण्यात आली आणि तिची व्याप्तीही वाढविली गेली. हा वाढीव अवधी जुन्याच प्रमाणात खर्ची पडला, तर २०२९ मध्ये आपल्या हाती अधिक कोनशिला असतील.

नुसत्या इथेनॉलवर या कारखान्यांचे पोट भरणार नाही, हीदेखील पूर्वप्रक्रियेशी निगडित गोष्ट आहे. तेलशुद्धीकरण कारखाना फक्त पेट्रोल विकून जगत नाही. डांबरापासून नाफ्थ्यापर्यंत पिंपातला प्रत्येक थर विकला जातो. पेंढ्याचेही तसेच. लिग्निन बॉयलरमध्ये जाळले तर त्याची किंमत कोळशाची. नागपूर-मनसर मार्गावर डिसेंबर २०२४ मध्ये लिग्निन मिसळलेल्या जैव-डांबराचा सुमारे एक किलोमीटरचा तुकडा वाहतुकीला खुला झाला. प्राज आणि केंद्रीय रस्ते संशोधन संस्था यांचा त्यात वाटा आहे. डांबराचा मोठा भाग आयात करणाऱ्या देशाला हा किलोमीटर लहान वाटता कामा नये. हेमिसेल्युलोजपासून फर्फ्युराल होते आणि त्यापासून ओतकामात लागणारी रेझिने. दाणे काढून उरलेल्या मक्याच्या कणसांवर चीनने या एका रसायनात जगाची बाजारपेठ काबीज केली आहे. नुमालीगडच्या आराखड्यात इथेनॉलच्या जोडीने फर्फ्युराल आणि ॲसेटिक आम्ल आहे, ते याचसाठी. पेंढ्याची साखर स्वस्त झाली तर लॅक्टिक आम्ल आणि त्यापासून मातीत विघटित होणारे प्लॅस्टिकही त्यातून करता येईल. जेजुरीजवळ प्राजने २०२४ मध्ये जैव-प्लॅस्टिकचे प्रात्यक्षिक केंद्र उघडलेच आहे. परंतु लिग्निन शुद्ध रूपात हवे की साखर अधिक हवी, यावर पूर्वप्रक्रिया कोणती निवडायची ते अवलंबून असते. आम्लाने करपलेले लिग्निन कोणी विकत घेणार नाही. म्हणून विकायचे काय हे आधी ठरवावे लागते आणि भांडे नंतर घ्यावे लागते. आपल्याकडे भांडे आधी येते.

एक आक्षेप मात्र आपल्याच कृषितज्ज्ञांचा आहे आणि तो आदराने ऐकला पाहिजे. शेतातले सगळे अवशेष उचलून नेले तर मातीत सेंद्रिय कर्ब उरणार नाही, असे ते म्हणतात. बरोबर आहे. उसाचे पाचट सरीत कुजवणे हाच त्याचा सर्वोत्तम उपयोग आहे आणि महाराष्ट्रातील पाचटाला कोणत्याही कारखान्याने हात लावू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. पण कपाशीच्या पऱ्हाट्यांची गोष्ट वेगळी. त्या रानात ठेवल्या तर गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आश्रय मिळतो. म्हणून कृषी खातेच त्या वेळेवर काढून टाकायला सांगते. चुलीत थोड्या जातात, बाकीच्या बांधावर जळतात. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याला त्या उपटण्याची मजुरी पदरची भरावी लागते. पऱ्हाटी ही लाकडासारखी, लिग्निनने भरलेली. पानिपतचे भांडे तिला चालणार नाही. तिच्यासाठी वेगळी पूर्वप्रक्रिया घडवावी लागेल, आणि ती कोणताही परदेशी विक्रेता आपल्याला आणून देणार नाही, कारण एवढी कपाशी एवढ्या लहान शेतांत दुसरीकडे फारशी पिकतच नाही.

मागणी मोठी नाही. जी-वन योजनेच्या उरलेल्या अवधीत प्रात्यक्षिकांचा वाटा एकास बारा राहू नये. भाताचा पेंढा पंजाबात, पऱ्हाटी विदर्भात, चिपाड पश्चिम महाराष्ट्रात, अशा एकेका मालासाठी रोज पाच-दहा टनांचे पूर्वप्रक्रिया केंद्र असावे. ते वर्षभर, पावसाळ्यातल्या ओल्या आणि मातकट मालावरही चालवून दाखविल्याशिवाय त्या मालाच्या मोठ्या कारखान्याला पैसा मिळू नये. सार्वजनिक पैशावर उभ्या असलेल्या पानिपतसारख्या कारखान्याने महिन्याला किती पेंढा घेतला, किती लिटर निघाले, यंत्र कितीदा आणि कशाने थांबले, याची नोंदवही देशातल्या अभियंत्यांसाठी खुली करावी. अमेरिकेत प्रत्येक कंपनीने आपले अपयश तिजोरीत ठेवले, म्हणून प्रत्येकीने तीच ठेच नव्याने खाल्ली. प्रक्रिया केलेला पेंढा दाबून गोळ्या करता येतात, त्या टिकतात आणि दूर नेता येतात. मिशिगन स्टेट विद्यापीठाचे प्रा. ब्रूस डेल यांनी अशा विखुरलेल्या केंद्रांची कल्पना अमोनिया पद्धतीसाठी मांडलेली आहे. अशी केंद्रे गावगटांच्या सहकारी संस्थांनी चालविली तर कारखान्याला तयार माल मिळेल, आणि ज्या वर्षी चारा कमी पडेल त्या वर्षी त्याच गोळ्या गोठ्यात जातील. तेलकंपनीला हा दुसरा उपयोग सुचणार नाही. सहकारी दूध संघाला तो न सांगता कळेल.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर सामग्री हाताशी आहे. पऱ्हाट्यांपासून फळ्या बनविण्याचे तंत्र केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पूर्वीच विकसित केले आहे आणि तिचे एक केंद्र नागपुरात आहे. पूर्वप्रक्रियेचे रसायन माटुंग्यात आहे, बुरशी आणि विकरांची विद्या पाषाणमध्ये आहे, भांडी घडविणारे कारागीर पुणे परिसरात आहेत. पऱ्हाटीसाठी या चौघांना एका टेबलाशी बसविण्याचे काम मंत्रालयातील कृषी, उद्योग की ऊर्जा खात्याचे, एवढे जरी या हिवाळ्यात ठरले, तरी पुढच्या फरदडीच्या आधी पहिली गाडी रिकामी करायला जागा तयार असेल.